बर्नरचा डोळा: ज्योत समोर जळतेय, तरी सेलला दिसत नाही

वाफेवरचा

गेल्या सोमवारी आमच्या बॉयलरने साडेचार तास रडवलं. कारण निघालं रुपयाच्या नाण्याएवढी एक काच. बॉयलरवर काम करणारे बरेच जण इथे वाचतात आणि हा प्रकार कुठेही होऊ शकतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

बोईसर-तारापूर पट्ट्यातलं कापड रंगवणारं प्रोसेस हाउस. ताशी चार टन वाफेचा, तीन पासचा (गरम वायू तीन फेऱ्या मारून बाहेर पडतात असा) स्मोक ट्यूब बॉयलर. पूर्वी फर्नेस ऑइलवर होता, आता पाइप गॅसवर. ज्योत आहे की नाही हे ओळखायला यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाश बघणारा, सेल. रविवारी साफसफाईसाठी बंद ठेवला होता, सोमवारी पहाटे चारला लावायला घेतला. पंखा फिरला, पर्ज झाला (आतला उरलेला गॅस हवेने बाहेर काढला), ठिणगी पडली, पायलटचा, म्हणजे मुख्य ज्योत पेटवणाऱ्या छोट्या ज्योतीचा, सोलेनॉइड व्हॉल्व्ह खट्‌ करून उघडला आणि काही सेकंदांत लाल दिवा. लॉकआउट, म्हणजे बर्नर स्वतःहून बंद.

रीसेट केला, पूर्ण पर्ज होऊ दिला, पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी मी पीपहोलला डोळा लावून उभा होतो. पायलट लख्ख दिसत होता, मुळाशी निळा, स्थिर, हवेने कुठे फरफटत नव्हता. म्हणजे ज्योत होती. मला दिसत होती आणि सेलला दिसत नव्हती.

तिसरा रीसेट मी करू दिला नाही. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात थोडा गॅस आत जातोच, आणि पर्जवर कितीही विश्वास असला तरी कारण न शोधता बटण दाबत राहणं म्हणजे विषाची परीक्षा. तेवढ्यात रात्रपाळीचा फायरमन हळूच म्हणाला, "साहेब, सेल बाहेर काढून लायटर धरू का? आधीच्या कंपनीत असंच चालवायचो. स्टेंटरवाले खोळंबलेत."

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. चार जिगर, म्हणजे कापड रंगवायची यंत्रं, भरून ठेवलेले, कापड खराब होणार, सगळ्यांचा डोळा बॉयलरकडे. पण मी त्याला समोर बसवलं आणि आधी गॅसचा हात-कॉक बंद केला. लायटर घेतला, तोही सेल तपासायला. मेन्टेनन्सच्या पोराने यूव्ही सेल फिरवून बाहेर काढला, सर्किट जागं ठेवून करंटच्या मीटरवर नजर ठेवली. हातभर अंतरावर लायटर पेटवला, काटा झटकन वर. विझवला, काटा खाली. सेल ठणठणीत. तरी स्टोअरमधला नवा सेल लावून पाहिला, तोही तसाच वागला.

मग राहिली ती सेल आणि भट्टी यांच्यामधली चकती. गरम वायू सेलवर येऊ नयेत म्हणून नळीत बसवलेली असते ती. काढली. स्वच्छ होती, अगदी आरशासारखी पुसलेली. बसवायच्या आधी सहज म्हणून लायटर आणि सेल यांच्यामध्ये धरली. काटा शून्यावर. बाजूला केली, काटा वर. पुन्हा धरली, शून्य. चकतीतून मला लायटरची ज्योत स्पष्ट दिसत होती.

रविवारी साफ करताना मूळ चकती हातातून पडून तडकली होती. हेल्परने प्रामाणिकपणे काचवाल्याकडून त्याच मापाची दुसरी कापून आणली, कडा घासून घेतल्या, ओ-रिंगसकट नीट बसवली. मूळ चकती क्वार्ट्झची होती, ही खिडकीची काच. साधी काच ३०० नॅनोमीटरच्या खालचं जवळपास सगळं अडवते, आणि आमचा सेल बघतो तो १८५ ते २६० नॅनोमीटरचा पट्टा. आपल्या डोळ्याला दोन्ही चकत्या सारख्याच. शेजारच्या कारखान्यात त्याच जातीचा बर्नर आहे, त्यांच्याकडून क्वार्ट्झची उसनी आणली आणि साडेआठला वाफ दिली.

हे झाल्यावर घरी वाचत बसलो. हाइनरिश हर्ट्‌झने १८८७ मध्ये कार्ल्सरूहेला विद्युत लहरींचे प्रयोग करताना नेमकं हेच पाहिलं होतं. एका ठिणगीच्या उजेडात दुसरी ठिणगी लांब पडायची. मध्ये काच धरली की परिणाम जायचा, क्वार्ट्झ धरला की राहायचा. प्रकाश-विद्युत परिणामाची ती पहिली खूण. आपल्या सेलमधली नळी त्याच परिणामावर चालते, आणि आमच्या हेल्परने नकळत हर्ट्‌झचा प्रयोग बॉयलर हाउसमध्ये करून दाखवला. त्याला मी हे सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

तुमच्याकडे बर्नरचा डोळा कधी चुकला? दिसत असताना आंधळा झाला, किंवा काहीच नसताना "आहे" म्हणाला? लिहा. लायटर लावून चालवण्याबद्दलही लिहा, मला ते फार खटकलंय.

जुनाफायरमन

पोराला ओरडला नाहीत हे फार बरं केलंत. ओरडलं की पुढच्या वेळी तडकलेली चकती कोणी सांगत नाही.

मी तेलाच्या काळातला माणूस. आमच्याकडे फोटोसेल असायचा, कॅडमियम सल्फाइडचा. उजेड पडला की त्याचा विरोध कमी होतो, एवढंच त्याचं ज्ञान. तेलाची ज्योत पिवळीधमक, काजळीचे कण तापून चमकतात, त्यामुळे तिला बघायला तो पुरायचा. आमचं काम म्हणजे पाळी सुरू होताना तो काढायचा, मऊ फडक्याने काजळी पुसायची, परत बसवायचा. काजळी धरली की तो आंधळा व्हायचा आणि बर्नर बंद पडायचा. त्रास व्हायचा, पण धोका नव्हता.

धोका उलट्या बाजूने असतो. ठाण्याकडे एका कारखान्यात होतो तेव्हाची गोष्ट. तेलात पाणी आलं आणि ज्योत विझली. पण क्वार्लची, म्हणजे बर्नरच्या तोंडाभोवतीची, वीट लालबुंद होती आणि सेल तिच्याकडेच बघत होता. त्याच्या लेखी उजेड म्हणजे ज्योत. पंप चालूच, तेलाची फवारणी चालूच. पीपहोलमधून पांढरा धूर दिसायला लागला, तो धूर नव्हता, तेलाची वाफ होती. माझा जोडीदार बटणाकडे धावला, पोचायच्या आत ती वाफ विटेवर पेटली. पुढचं दार बिजागरीतून निसटलं. जोडीदाराचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. सहा महिने त्याला त्याची बायको घास भरवत होती.

तेव्हापासून माझं मत एकच. सेलला ज्योत दिसली नाही तर नुकसान कापडाचं होतं. नसलेली दिसली तर माणसाचं होतं. लायटरवाले ही दुसरी चूक स्वतःच्या हाताने करतात.

मायक्रोअँप

इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये अठरा वर्षं झाली, त्यातली बरीचशी बर्नर मॅनेजमेंटवर. काकांच्या गोष्टीतला फोटोसेल आणि वाफेवरचा यांचा यूव्ही सेल वेगवेगळ्या गोष्टी बघतात, ते थोडं उलगडतो.

ज्योतीतून तीन प्रकारचा प्रकाश येतो. एक, काजळी आणि तापलेल्या कणांचा पिवळा-तांबडा उजेड. हा तापमानाचा उजेड आहे, तापलेली वीटही तोच देते, म्हणून त्यावर विसंबणारा सेल फसतो. दोन, रासायनिक क्रियेतून थेट निघणारा प्रकाश. गॅसच्या ज्योतीचा निळा रंग सीएच (कार्बन-हायड्रोजन) या तुकड्याचा, ४३१ नॅनोमीटरच्या आसपास. हिरवट छटा कार्बनच्या जोडीची, ५१६ जवळ. आणि ओएचचा (ऑक्सिजन-हायड्रोजन) पट्टा ३०८ जवळ, म्हणजे डोळ्याला न दिसणारा. हे तुकडे ज्वलन चालू असेपर्यंतच तयार होतात, आग विझली की क्षणात नाहीसे. तीन, गरम वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांचं अवरक्त, त्यातला कार्बन डायऑक्साइडचा ठळक पट्टा ४.३ मायक्रॉनला.

यूव्ही नळी यातल्या दुसऱ्या प्रकाशाची अगदी टोकाची शेपटी पकडते. २६० नॅनोमीटरच्या खाली ज्योतीचा प्रकाश फार क्षीण असतो, पण नळी एकेका इलेक्ट्रॉनवर चालते. आत थोडा वायू, दोन इलेक्ट्रोड, त्यांच्यावर काहीशे व्होल्ट. टंगस्टनच्या कॅथोडवरून इलेक्ट्रॉन उडवायला साधारण साडेचार इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, म्हणजे २७५ नॅनोमीटरच्या आतलाच प्रकाश हवा. तो पडला की एक इलेक्ट्रॉन सुटतो, वायूत त्याचा लोंढा होतो आणि एक टिचकी वाजते. गायगर काउंटरचाच भाऊबंद. सूर्याचा या पट्ट्यातला प्रकाश ओझोन वरच अडवतो, म्हणून उन्हात धरला तरी तो गप्प राहतो. बॉयलर हाउसच्या ट्यूबलाइटलाही फसत नाही.

लालबुंद विटेला तो सहसा दाद देत नाही. साधारण १,३७० अंश सेल्सिअसच्या पुढे मात्र वीटसुद्धा त्याला दिसायला लागते. स्मोक ट्यूब बॉयलरमध्ये ती वेळ येत नाही, काचेच्या किंवा पोलादाच्या भट्टीत येते.

दोन सावधगिरी. पहिली, यूव्ही नळीला ठिणगीसुद्धा ज्योत वाटते. म्हणून तिची नजर ठिणगीच्या जागेवर पडू नये, आणि ठिणगी बंद झाल्यावर पायलट एकट्याने दिसतो का हे तपासणारा काळ सिक्वेन्समध्ये हवाच. दुसरी, पेटलेली यूव्ही नळी स्वतःही यूव्ही फेकते. समोरासमोर दोन बर्नर असतील आणि दोघांचे सेल एकमेकांकडे बघत असतील, तर एक दुसऱ्याला जागं ठेवतो. एका थर्मिक फ्लुइड हीटरवर (तेल तापवणाऱ्या यंत्रावर) दोन दिवस घालवले होते मी यात.

शिकाऊ_२२

सर, गॅसच असेल तर फ्लेम रॉड (ज्योतीतच उभी धातूची कांडी) का नाही वापरत? कॉलेजच्या लॅबमध्ये छोट्या बर्नरला तोच होता. काच नाही, चकती नाही.

मायक्रोअँप

चांगला प्रश्न. लहान आणि मध्यम गॅस बर्नरला रॉड उत्तम. ज्योतीत आयन असतात, रॉड आणि बर्नरची बॉडी यांच्या क्षेत्रफळात मोठा फरक ठेवला की एसी (उलटसुलट वाहणारी वीज) लावूनही करंट एकाच दिशेला जास्त जातो. तो काही मायक्रोअँपचा एकतर्फी करंट म्हणजे ज्योत. शॉर्ट झालं तर एसी तशीच दोन्हीकडे वाहते, कंट्रोलर ते ओळखतो. फसवायला अवघड. पण रॉड ज्योतीतच उभा, त्यामुळे झिजतो, वाकतो, सिरॅमिक तडकतं. तेलाच्या ज्योतीत काजळी धरून निकामी होतो. मोठ्या बर्नरला, दोन इंधनांच्या बर्नरला म्हणून डोळाच लागतो.

वाफेवरचा

मायक्रोअँप, एक विचारतो. आमचा बॉयलर सोमवार ते शनिवार अखंड चालतो. यूव्ही नळी जुनी झाली की "अडकते", ज्योत नसतानाही टिचक्या वाजवत राहते असं ऐकलंय. मग चालू बॉयलरमध्ये ते कळणार कसं?

मायक्रोअँप

कळत नाही, हाच यूव्ही नळीचा सगळ्यात मोठा दोष. फोटोसेल म्हातारा झाला की मंद होतो. ही नळी म्हातारी झाली की कधीकधी उलट वागते, काही नसताना पेटते. बर्नर दिवसातून एकदा तरी बंद होत असेल तर सुरुवातीला कंट्रोलर बघतो की इंधन नसताना ज्योत दिसत नाही ना. दिसली तर तिथेच लॉकआउट. पण सहा दिवस अखंड चालणाऱ्या बर्नरला ही संधीच मिळत नाही. म्हणून युरोपच्या ईएन २९८ या मानकात २४ तासांपेक्षा जास्त सलग चालणाऱ्या बर्नरला स्वतःची तपासणी करणारा डोळा सक्तीचा आहे. त्यात नळीसमोर एक छोटं शटर असतं. ते ठरावीक वेळाने क्षणभर बंद होतं. बंद असतानाही टिचक्या आल्या, तर नळी खोटं बोलतेय, बर्नर बंद.

तुमचा सेल शटरचा आहे का? नसेल तर दोनच रस्ते: शटरवाला घ्या, किंवा रोज पाळी बदलताना एकदा बर्नर मुद्दाम बंद करून पुन्हा लावा. दुसरा रस्ता कंटाळवाणा आहे, पण फुकट आहे.

उष्मा

भोसरीत हीट ट्रीटमेंटची भट्टी चालवते. "सेलचा बायपास (त्याला बगल देणं) नको" हे सगळे एकसुरात म्हणताय, तिथे मला थोडं वेगळं म्हणायचंय. आमच्या भट्टीचं तापमान ८५० ते ९२० अंश. अमेरिकेच्या एनएफपीए ८६ या भट्ट्यांच्या सुरक्षा मानकात ७६० अंशांच्या वर ज्योत तपासणीच्या अटीत सूट आहे, कारण तेवढ्या गरम भट्टीत गॅस शिरला की आपोआप पेटतो, साठून राहत नाही. आमच्या भट्टीत बारा छोटे बर्नर आहेत, प्रत्येकाचा डोळा सतत सांभाळत बसलो तर उत्पादन कधी काढायचं?

जुनाफायरमन

ताई, भट्टीचं आणि बॉयलरचं एकाच मापाने मोजता येत नाही. बॉयलरच्या फर्नेस नळीच्या, म्हणजे ज्योत जळते त्या नळीच्या, चहूबाजूंनी पाणी असतं. तिची भिंत गॅस पेटवण्याइतकी कधीच तापत नाही.

उष्मा

मान्य. पण ७६०चा नियम मी म्हणतेय तसा वापरला तर चुकीचा नाही ना?

मायक्रोअँप

चुकीचा नाही, फक्त तो कसा अमलात येतो ते महत्त्वाचं. ७६० ओळखणारा तापमानाचा स्वतंत्र इंटरलॉक, म्हणजे अट पुरी असेल तरच सूट देणारी यंत्रणा, हवा. थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) तुटलं तर तो "थंड" असं समजून सूट काढून घेईल, अशी रचना हवी. भट्टी ७५० वर आली की बारा डोळे आपोआप पुन्हा कामाला लागले पाहिजेत. पॅनलच्या मागे बायपाससाठी दोन टर्मिनलमध्ये घातलेली वायर यातलं काहीच करत नाही. ती सकाळी थंड भट्टी लावतानाही तशीच असते.

उष्मा

आमच्याकडे इंटरलॉक आहे. पण सहा महिन्यांपूर्वी पॅनल उघडला तेव्हा चार नंबरच्या बर्नरला तशी एक वायर सापडली होती. कोणी घातली, केव्हा, कोणालाच माहीत नाही. काढून टाकली. आज पुन्हा सगळे बारा तपासून घेते.

साखरपट्टा

सांगली जिल्ह्यात कारखान्याच्या डिस्टिलरीत आहे. स्पेंटवॉशचा (मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याचा) बायोगॅस बॉयलरला जाळतो. मिथेन साधारण साठ टक्के, बाकी कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. यूव्ही सेलचा सिग्नल नैसर्गिक गॅसच्या बॉयलरपेक्षा कायम कमी दिसतो आणि खालीवर होतो. डायजेस्टर (बायोगॅस तयार होतो ती टाकी) आजारी पडला की तर विचारू नका. सेल बदलून पाहिला, फरक नाही.

मायक्रोअँप

सल्फाइड तुमच्या सेलच्याच पट्ट्यातला प्रकाश शोषून घेतं. जळून तयार होणारा सल्फर डायऑक्साइडही शोषतो. शिवाय मिथेन कमी, म्हणून ज्योत थंड आणि मुळापासून उठलेली. म्हणजे प्रकाश आधीच कमी, त्यात वाटेत कर. स्क्रबर (गॅसमधलं सल्फाइड धुऊन काढणारा) नीट चालतोय का ते आधी बघा. मग सेलच्या नळीत पर्ज हवा पुरेशी आहे का, म्हणजे नळीत गॅसऐवजी स्वच्छ हवा राहील. आणि सेलची नजर ज्योतीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यावर आणा. यूव्ही तिथेच सगळ्यात जास्त असतं, पुढे जाईल तसं कमी होतं. ज्योतीच्या शेपटाकडे बघणारा सेल तुमच्यासारख्या गॅसवर नेहमीच कुरकुरणार.

साखरपट्टा

पर्ज हवेची लाइनच बंद होती. व्हॉल्व्हला हँडलच नाही, म्हणून कोणी उघडत नव्हतं. पाना लावून उघडली. सिग्नल पूर्वीच्या जवळपास दीडपट. स्क्रबरचं सोमवारी बघतो.

चंद्रपूरकर

औष्णिक केंद्रात बावीस वर्षं. आमच्याकडे प्रश्नाचं रूपच वेगळं असतं. कोळशाची भुकटी कोपऱ्यांतून आत येते आणि मध्ये एकच मोठा फिरता आगीचा गोळा तयार होतो. कोळशाच्या धुळीत यूव्ही फार दूर जात नाही, त्यामुळे स्कॅनर दृश्य आणि अवरक्त प्रकाशावर चालतात. मग तापलेल्या भिंती आणि राखेचे गोळे यांपासून ज्योत वेगळी कशी काढायची? तर थरथरीवरून. भिंतीचा उजेड स्थिर असतो, ज्योतीचा सतत फडफडतो, आणि मुळाशी ती फडफड जास्त वेगवान असते. स्कॅनर उजेडाचं प्रमाण आणि फडफडीचा वेग दोन्ही तपासतो. शेजारच्या बर्नरच्या उजेडात आपला बर्नर विझलेला कळायचा असेल तर हाच आधार.

यातही फसगत आहे. तापलेल्या भिंतीसमोरून वाफ किंवा गरम वायूचे पट्टे गेले की भिंत थरथरल्यासारखी दिसते. उन्हाळ्यात डांबरी रस्ता हलताना दिसतो तसंच. म्हणून एकाच डोळ्यावर निर्णय सोडत नाहीत. एका मजल्याच्या चार कोपऱ्यांतले स्कॅनर मत देतात, आणि त्या मतांवरून आग आहे की नाही ते ठरतं. स्कॅनर थंड ठेवायला वेगळा पंखा, एसीवरचा गेला तर डीसीवरचा. नवीन माणसाला मी आधी तो डीसीचा पंखा दाखवतो.

शिकाऊ_२२

वाफेवरचा सर, काही सेकंदांत लॉकआउट म्हणता. इतकी घाई खरंच लागते का? चार सेकंद आणि एक सेकंद यात काय फरक पडतो?

वाफेवरचा

आमच्याच बॉयलरचा हिशोब करून दाखवतो, त्या फायरमनलाही कागदावर हाच करून दिला.

पूर्ण भारावर आमचा गॅस तासाला साधारण ३०० घनमीटर. त्याला जाळायला जास्तीची हवा धरून सुमारे ३,३०० घनमीटर हवा. दोन्ही मिळून सेकंदाला एक घनमीटर. फर्नेस नळी एक मीटर व्यासाची, साडेतीन मीटर लांब, म्हणजे पावणेतीन घनमीटर. आता ज्योत विझली असं समज. बर्नर गॅस आणि हवा अगदी जळायच्या प्रमाणातच मिसळून देतोय, ते तर त्याचं कामच. मिश्रणात मिथेन ५ ते १५ टक्के असलं की स्फोट होऊ शकतो, आणि आपलं मिश्रण आठ-नऊ टक्क्यांचं. म्हणजे तीन सेकंदांत सगळी नळी नेमक्या सगळ्यात वाईट मिश्रणाने काठोकाठ भरते. चौथ्या सेकंदाला ते दुसऱ्या पासमध्ये शिरायला लागतं. कुठे तरी एक निखारा पुरे.

ईएन २९८ गॅससाठी चालू बर्नरला एक सेकंद देतं, अमेरिकेतले नियम चार सेकंदांपर्यंत जातात. हिशोब केल्यावर मी एकच्या बाजूचा झालो.

आणि लायटर धरून बॉयलर चालवला तर? तेव्हा हा काळ एक सेकंदही नसतो आणि चारही नसतो. लायटर धरणाऱ्याचा अंगठा दुखेपर्यंत गॅस येत राहतो. हे लिहून दाखवल्यावर तो फायरमन बराच वेळ कागदाकडे बघत होता. मग म्हणाला, "आधीच्या कंपनीत आम्ही पाळीपाळीने धरायचो."

जुनाफायरमन

वाचून अंगावर काटा आला. त्याला माझा नमस्कार सांगा. कबूल करायला हिंमत लागते.

एक राहिलंय. सेल बदलला, चकती बदलली, सेलचा कोन हलवला, तर पायलट टर्नडाउन केलंत का? पायलट इतका बारीक करायचा की सेल त्याला जेमतेम बघेल, आणि तेवढ्या पायलटवर मुख्य ज्योत ताबडतोब, न भडकता पेटते का ते बघायचं. पायलट बारीक असूनही सेलला दिसतो आणि मुख्य गॅस मात्र त्यावर पेटत नाही, अशी जागा राहिली तर तिथे गॅस साठणार. क्वार्ट्झ बसवला म्हणजे काम संपलं असं नाही. १९२३चा बॉयलर कायदा जाऊन आता २०२५चा आलाय, तपासणीला अधिकारी येतात, हायड्रॉलिक (पाण्याच्या दाबाची चाचणी) बघतात, सेफ्टी व्हॉल्व्ह बघतात. ही चाचणी मात्र माझ्या सगळ्या नोकरीत आम्हीच केली तर झाली.

वाफेवरचा

काका, केलं नव्हतं. खरं सांगतो, उसनी चकती बसली, वाफ मिळाली आणि मी विसरलो. रविवारी बर्नर कंपनीचा माणूस बोलावलाय, त्याच्यासोबत करतो.

वाफेवरचा

रविवारचं झालं, म्हणून धागा वर काढतोय.

नव्या क्वार्ट्झच्या दोन चकत्या आल्या. एक बसवली, एक डबीत घालून पॅनलमध्ये ठेवली. डबीवर मराठीत "क्वार्ट्झ, काच नव्हे" असं लिहिलंय. तडकलेली आणि काचवाल्याकडची अशा दोन्ही चकत्या बॉयलर हाउसच्या फळीवर दोऱ्याने टांगल्यात. नवीन माणसाला लायटर आणि जुना सेल घेऊन फरक दाखवायचं काम त्या हेल्परकडे दिलंय, आणि तो ते अगदी मन लावून करतो.

पायलट टर्नडाउनमध्ये काकांची शंका खरी निघाली. सेलची नजर थोडी वर लागलेली होती. गॅसचा दाब कमी करत गेलो तर पायलट वाकडा होऊन वरच्या अंगाला चिकटला, सेल म्हणतोय "दिसतोय", आणि मुख्य ज्योत पेटायला सेकंदभर उशीर, मग धप्प आवाज. सेलचा कोन खाली आणला. आता पायलट मुख्य गॅसच्या वाटेतून सरकला की सेलला दिसेनासा होतो आणि लॉकआउट येतो. सहा वेळा केलं, सहाही वेळा. मायक्रोअँप, आमचा सेल शटरचा नाहीये. शटरवाल्याची ऑर्डर टाकलीय, तो येईपर्यंत रोज सकाळी सातला, पाळी बदलताना, बर्नर बंद करून लावतोय.

शेवटी तिन्ही पाळ्यांचे फायरमन समोर उभे केले. कमी भारावर बर्नर चालू ठेवून गॅसचा हात-कॉक बंद केला. पीपहोलमधली निळी ज्योत आक्रसली, गेली, आणि लगोलग गॅसचे दोन्ही सेफ्टी व्हॉल्व्ह एकामागोमाग पडल्याचा आवाज आला, खट्‌-खट्‌. घड्याळ लावलं होतं मोबाइलच्या व्हिडिओवर. एक सेकंदाच्या आत. लायटरवाला फायरमन म्हणाला, पुन्हा एकदा बघायचंय. पूर्ण पर्ज करून पुन्हा लावला, आणि या वेळी कॉक त्याने स्वतः बंद केला.